‘लष्करात जाऊन येते’: पुण्याच्या छावणीची गोष्ट, सोप्या भाषेत

माझी आजी नारायण पेठेतली. वर्षातून दोन-तीनदा कापडी पिशवी घेऊन निघायची आणि उंबऱ्यातूनच सांगायची, "लष्करात जाऊन येते गं." लहानपणी मला वाटायचं, आजी लढाईला चालली. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा पिशवीत पडद्याचं कापड, नानकटाई आणि एखादं चिनीमातीचं भांडं असायचं. तिच्या पिढीच्या तोंडी ‘कॅम्प’ हा शब्द नव्हता. त्या भागाला त्या लष्करच म्हणत. पोलीस ठाण्याच्या पाटीवर तो शब्द अजून टिकून आहे.

लक्ष्मी रोडने पूर्वेकडे चालत राहिलं की क्वार्टर गेटपाशी रस्ता संपतो, आणि तिथून पुढे दहा मिनिटांत गाव बदलतं. वाडे संपून बंगले लागतात. रस्ते सरळ होतात आणि काटकोनात वळतात. झाडांच्या बुंध्यांना चुन्या-गेरूचे पट्टे दिसू लागतात. पाट्यांवर मराठीच्या जोडीला पारशी, बोहरी, गोवेकर, तमिळ आडनावं येतात. एकाच शहरात हे असं दोन गावांसारखं का, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे ‘इंग्रजांनी वसवलं म्हणून’. ते खरं आहे, पण अर्धंच. छावणी हा नुसता भाग नसतो. जमीन कुणाची, हुकूम कुणाचा आणि पैसा कुठून येतो, या तिन्ही गोष्टी तिथे शेजारच्या पेठेपेक्षा वेगळ्या ठरलेल्या असतात. ते एकदा ध्यानात घेतलं की कॅम्पातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो, अगदी पडक्या बंगल्यांचाही.

सुरुवात इंग्रजांच्याही आधीची आहे. पुण्याबाहेर फौजेचा तळ पडणं पेशवाईतही नवीन नव्हतं. महादजी शिंद्यांचा तळ वानवडीला होता आणि 12 फेब्रुवारी 1794 ला ते तिथेच वारले. त्यांची छत्री आजही तिथे आहे, चहूबाजूंनी सोसायट्यांनी वेढलेली. पेशव्यांच्या फौजेत ख्रिस्ती शिपाई-अधिकारीही होते आणि त्यांच्या प्रार्थनेसाठी सवाई माधवरावांनी 1792 मध्ये जागा दिली. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च त्या जागेवर उभं आहे. म्हणजे ‘पूर्वेला फौज आणि फौजेबरोबर आलेली परकी माणसं’ हा नकाशा जुनाच. इंग्रजांनी तो पक्का केला.

त्यांचं पाऊल शाळेच्या इतिहासात पाठ केलेल्या ‘तैनाती फौजे’तून पडलं. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची फौज आपल्या संरक्षणाला ठेवून घेतली. तिच्या खर्चासाठी 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. राखण करायला माणूस ठेवायचा, त्याचा पगार आपण द्यायचा आणि तो हुकूम मात्र दुसऱ्याचा मानणार, असा हा सौदा. जून 1817 च्या पुण्याच्या तहाने आणखी मुलूख गेला आणि त्या पैशातून घोडदळ उभं राहिलं. तेच पुढे ‘पूना हॉर्स’ झालं. पेशव्याच्या पैशाने उभी राहिलेली ही पलटण काही महिन्यांतच पेशव्याविरुद्ध उभी होती. (याच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल तारापोर यांना 1965 च्या आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना 1971 च्या युद्धातल्या पराक्रमासाठी परमवीर चक्र मिळालं. दोघांनाही मरणोत्तर. तारापोर पुण्यात शिकले, खेत्रपाल पुण्यात जन्मले.)

कंपनीची पुण्यातली पलटण आधी गावाला खेटून, गारपीर नावाच्या भागाच्या बाजूला होती. वातावरण तापलं तशी रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, एल्फिन्स्टनने ती 1 नोव्हेंबर 1817 ला नदीपलीकडे खडकीला हलवली. चारच दिवसांनी, 5 नोव्हेंबरला, आज जिथे विद्यापीठ आहे त्या गणेशखिंडीच्या माळावर लढाई झाली. पेशव्याचे सेनापती बापू गोखले यांच्याकडे माणसं कितीतरी पट जास्त होती. बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. संगमावरची रेसिडेन्सी मराठ्यांनी जाळली, पण लढाई हातची गेली. दुसरी झुंज येरवड्यापाशी झाली आणि 17 तारखेला शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. पुण्याच्या दोन जुन्या छावण्या, खडकी आणि पुणे कॅम्प, या महिन्याच्या पोटातून निघाल्या. जिंकलेल्या राजधानीवर डोळा ठेवायचा तर फौज हाकेच्या अंतरावर हवी. पण गल्लीबोळांत अडकेल इतकी जवळही नको.

पण मोकळं अंतर राखण्यामागे बंडापेक्षा मोठी भीती होती, ती रोगराईची. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांना गोळीपेक्षा पटकी, हगवण आणि हिवताप जास्त मारत. 1857 च्या उठावानंतर एक शाही आयोग बसला. त्याच्यासमोर आकडा आला, तो वर्षाला हजारी 69 मृत्यूंचा. त्या काळी समज असा की रोग घाणीच्या वाफेतून, ‘खराब हवे’तून येतो. म्हणून बराकी लांब लांब, उंच छताच्या, चहूबाजूंनी वारा खेळेल अशा. मध्ये मैदानं, रस्त्याकडेला झाडं, आणि ‘नेटिव्ह’ वस्ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आज ज्याला आपण ‘कॅम्पची शान’ म्हणतो तो मोकळेपणा असा मरणाच्या धसक्यातून आलेला आहे. समज चुकीचा होता, झाडं मात्र खरी निघाली.

पाण्याचीही तीच कथा. खडकवासल्याचं धरण 1879 मध्ये पुरं झालं. तेव्हा त्या तलावाचं नाव ‘लेक फाइफ’ होतं. त्याच्या उजव्या कालव्याचं पाणी शेतीबरोबर छावणीकडेही गेलं.

फौज नुसती बंदुकीवर जगत नाही. तिला शिधा लागतो, घोड्याला चंदी, शिपायाला न्हावी, साहेबाला शिंपी आणि मडमेला पाव. हे सगळं पुरवणारी वस्ती म्हणजे सदर बाजार. कॅम्पातली गल्लीची नावं वाचत चाला, पुरवठ्याची यादीच वाचल्यासारखं होतं. मोदीखाना म्हणजे धान्य-शिध्याचं कोठार. शिंपी आळीला तर काही सांगायलाच नको. पलीकडे सोलापूर बाजार, घोरपडी बाजार, वानवडी बाजार, म्हणजे प्रत्येक पलटणीच्या लाइनीला तिचा तिचा बाजार.

बाजारात माणसं आली तीही फौजेच्या मागोमाग. मद्रासी पलटणींबरोबर तमिळ आणि तेलुगू कुटुंबं आली. त्यांतली कितीतरी आज सात-आठ पिढ्यांची पुणेकर आहेत आणि घरात तमिळ बोलून दारात अस्सल पुणेरी बोलतात. पारशी आले ते ठेकेदार आणि दुकानदार म्हणून. दोराबजींची खानावळ 1878 ची. गोव्याचे ख्रिस्ती खानसामे, बँडवाले आणि बेकरीवाले झाले. बोहरी, मेमन, मारवाडी, बगदादी ज्यू, मागाहून इराणी आणि फाळणीनंतर सिंधी. 1825 मध्ये बिशप हेबरच्या हस्ते सेंट मेरीज चर्चची प्रतिष्ठापना झाली. आयरिश शिपाई कॅथलिक, त्यांचं सेंट पॅट्रिक 1850 चं. डेव्हिड ससूनने बांधवलेलं सिनेगॉग 1867 चं, त्याला सगळं पुणं ‘लाल देऊळ’ म्हणतं. इतकी वेगवेगळी देवघरं असलेल्या या वस्तीला सहिष्णुतेचं प्रमाणपत्र द्यायची आपल्याला घाई होते. मला ते थोडं घाईचंच वाटतं. ही माणसं एकत्र आली ती गिऱ्हाईक एक होतं म्हणून. शेजारपण मागून जमलं.

इथे एक गंमत. कॅम्प म्हटलं की बाहेरगावचा पाहुणा श्रूजबेरी बिस्किटं मागतो आणि आपणही ‘इंग्रजांच्या काळापासूनची’ म्हणून ठोकून देतो. ती ज्या कयानी बेकरीची, ती 1955 मध्ये सुरू झाली. इंग्रज जाऊन तोवर आठ वर्षं लोटली होती. साहेब गेला, त्याची जिभेची सवय मात्र बाजाराने सोडली नाही.

पावसाळा हा कॅम्पचा मोसम. मुंबईत पाऊस कोसळू लागला की गव्हर्नर आणि त्याचा लवाजमा पुण्याला येई. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर तर ही ये-जा सोपीच झाली. गणेशखिंडीत त्याच्यासाठी राजवाडा बांधला गेला. 1949 मध्ये त्यात विद्यापीठ आलं. घोड्यांच्या शर्यती पुण्यात अजूनही जुलै ते ऑक्टोबरच का होतात, याचं उत्तर या पावसाळी राजधानीत आहे. रेसकोर्सची जमीन अर्थातच लष्कराची. एम्प्रेस गार्डनही आधी ‘सोल्जर्स गार्डन’ होतं. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम 1873 च्या सुमारास पुण्याच्या छावणीतच लिहिले गेले आणि काही काळ तो खेळ इंग्लंडातही ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई.

आता पेठ आणि लष्कर यांच्या नात्याकडे येऊ. कारण ‘ते तिकडे, आपण इकडे’ ही समजूत पेठेने फार प्रेमाने जपली आहे आणि ती मला पटत नाही. पेठेच्या कितीतरी घरांत चूल पेटायची ती लष्कराच्या पगारावर. मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून, आर्सेनलमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, स्टोअरकीपर, खडकीच्या 1869 च्या दारूगोळा कारखान्यात कामगार, ही पुण्याची जुनी नोकरी. देशभरातल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशेब आजही गोळीबार मैदानाजवळच्या कचेरीत होतो. ‘पेन्शनरांचं पुणं’ म्हणून आपण स्वतःची जी थट्टा करतो, ते पेन्शन बऱ्याच वेळा या कचेऱ्यांचं असतं.

आणि याच खुर्च्यांमधून बंडही उठलं. वासुदेव बळवंत फडके हे पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. आई अत्यवस्थ असताना रजा मिळाली नाही ही त्यांची सल प्रसिद्ध आहे. दुष्काळ पाहून ते रामोश्यांना घेऊन डोंगरात गेले आणि 1883 मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. साठ वर्षांनी, 24 जानेवारी 1943 ला, कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरात, जिथे गोरे सैनिक सिनेमा पाहायला येत, तिथे स्फोट झाला. त्या कटातले भास्कर कर्णिक दारूगोळ्याच्या डेपोत नोकरीला होते. पकडल्यावर त्यांनी फरासखाना पोलीस चौकीत विष घेतलं. दोघांनीही शत्रू आतून पाहिला होता, रोज डबा घेऊन जाऊन.

पेठेने छावणीला सर्वांत जवळून पाहिलं ते 1897 मध्ये, आणि ते विसरण्यासारखं नव्हतं. प्लेगची साथ आली. रँडच्या प्लेग कमिटीने घरं तपासायला गोरे शिपाई लावले. दोन मैलांवर राहणारी माणसं एकदम बुटांसकट माजघरात, देवघरात आली. शिपायाच्या लेखी ती ड्यूटी होती, घरच्यांच्या लेखी अनर्थ. 22 जूनला, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. त्याच्याबरोबर लेफ्टनंट आयर्स्टही मेला.

पण छावणीकडे पेठेच्या खिडकीतून पाहिलं तर एक बाजू दिसत नाही. पेठेत ज्याला ओटीवर चढू देत नसत, त्याला छावणीत निदान पगार होता आणि पोरांना शाळा होती. पाळवणकर बाळू या दलित क्रिकेटपटूचे वडील फौजेत होते. बाळू 1892 च्या सुमारास चार रुपये महिन्यावर पूना जिमखान्याचं मैदान राखायचा, जाळी बांधायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचा. जे. जी. ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजाला टाकता टाकता त्याचा डावखुरा हात तयार झाला. मग हिंदूंच्या क्लबाला तो हवासा झाला. मैदानावर चेंडू त्याच्या हातचा चालायचा, चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले. छावणी न्यायी होती असं मी म्हणत नाही. साहेबाने त्याला बॅट काही दिली नाही, आणि 1890 च्या दशकात त्याच सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून झटणाऱ्यांत पुण्याचे शिवराम जानबा कांबळे होते. 1908 मध्ये त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ मासिक काढलं. एक दार बंद झालं तर त्याचा आवाज कुठवर गेला, हे त्यावरून कळतं.

पुण्याचं नाव घेऊन फौजा जगभर मेल्या, हेही इथेच नोंदवतो. पहिल्या महायुद्धात सहावी (पूना) डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली, कूटच्या वेढ्यात अडकली आणि 29 एप्रिल 1916 ला तिला शरण जावं लागलं. कैदेत गेलेल्यांतले कितीतरी परतले नाहीत. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक कबरी आहेत. हिरवळ इतकी नेटकी, की मुलं तिथे अभ्यासाला येऊन बसतात.

1947 नंतर गोरे गेले, फौज राहिली. लष्कराचं दक्षिण मुख्यालय होतंच, 1895 पासून. 1948 मध्ये सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आलं. लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय दापोडीला आलं. खडकवासल्याला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, उभी राहिली. तिची पायाभरणी 6 ऑक्टोबर 1949 ला नेहरूंनी केली आणि तिच्या मुख्य इमारतीला सुदानने दिलेल्या देणगीवरून ‘सुदान ब्लॉक’ म्हणतात. पाषाणला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा, देहूरोडला तिसरी छावणी. विमानतळसुद्धा हवाई दलाच्या तळावरचा. धावपट्टी त्यांची, आपण पाहुणे. आणि 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्याच्या आदल्या रात्री खचणाऱ्या बांधावर वाळूची पोती रचत उभे होते ते लष्कराचे जवान. धरण फुटायचं ते फुटलंच. पण रात्री नाही, सकाळी फुटलं. त्या काही तासांनी किती जीव वाचले हे पेठेतल्या म्हाताऱ्यांना विचारा.

आता सुरुवातीच्या तीन प्रश्नांची उत्तरं, कारण रोजच्या कटकटी त्यांतच आहेत.

जमीन कुणाची? संरक्षण खात्याची. तुमच्या घराचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड असतं, तसं इथे ‘जनरल लँड रजिस्टर’ असतं आणि जमिनीचे वर्ग असतात. ए-वन म्हणजे फौजेच्या प्रत्यक्ष वापरातली, बी-थ्री म्हणजे खासगी लोकांच्या ताब्यातली, सी म्हणजे बाजार-रस्त्यांसाठी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे दिलेली. बंगल्यांचं कोडं बी-थ्रीमध्ये आहे. जुन्या काळी अधिकारी दोन-तीन वर्षांपुरता यायचा. त्याच्यासाठी घरं बांधण्याऐवजी सरकारने व्यापाऱ्यांना सांगितलं: जागा आम्ही देतो, बंगला तुम्ही बांधा आणि साहेबाला भाड्याने द्या. अट अशी, की जमीन सरकारचीच राहील आणि महिन्याच्या नोटिशीवर, बांधकामाची किंमत देऊन, परत घेता येईल. याला ‘ओल्ड ग्रँट’ म्हणतात. भिंती तुमच्या, भिंतींखालची माती सरकारची. मग विकायचं म्हटलं की परवानगी, दुरुस्तीला परवानगी, वाटणी झाली की नोंदीचा घोळ. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने गच्चीच्या गळतीसाठी तीन पावसाळे अर्ज-विनंत्यांत काढले. चौथ्या पावसाळ्यात ताडपत्री घातली. झाडांनी झाकलेले ते पडके बंगले मालक आळशी आहेत म्हणून पडके नाहीत.

हुकूम कुणाचा? महापालिकेचा नाही. कॅन्टोन्मेंट बोर्डाचा. ते 2006 च्या कायद्याने चालतं. त्याआधी 1924 चा कायदा होता. अध्यक्ष निवडून येत नाही, तो लष्करी अधिकारी असतो. रोजचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे. निवडून आलेले सदस्य असतात, म्हणजे असायला हवेत. 2021 पासून जुन्या मंडळांची मुदत संपली आणि जागी एक नेमलेला नागरी सदस्य आला. 30 एप्रिल 2023 ला निवडणूक ठरली होती, ती महिनाभर आधी रद्द झाली. आमदार-खासदाराला मत द्यायचं, पण गल्लीतल्या गटाराबद्दल जाब विचारायला नगरसेवक नाही, अशी कॅम्पकरांची गत.

पैसा? घरपट्टी, परवाने आणि केंद्राचं अनुदान. पूर्वी जकात, मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, होता. जीएसटी आला आणि तो आटला. लष्कराच्या मालमत्तेवर नेहमीची घरपट्टी लागत नाही, त्याबदली केंद्राने सेवाशुल्क द्यायचं असतं. बोर्डांची ओरड त्याच थकबाकीची.

त्यामुळेच देशातल्या छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या पालिकांत मिसळायची कल्पना निघाली. हिमाचलातलं योल 2023 मध्ये पहिलं गेलं. पुणे आणि खडकीचीही चर्चा आहे. कॅम्पात विचाराल तर दोन तट पडतात. मोदीखान्यातला दुकानदार म्हणतो, जाऊ दे एकदाचं, निदान एक मजला चढवता येईल. बंगल्यातली आजी म्हणते, मजले चढले की झाडं गेलीच म्हणून समजा. खाली माती कुणाची ते कागदावर ठरेपर्यंत बुंध्यांवरचा गेरू दरवर्षी नेमाने लागतो आहे.